वन्संकडे कोण बघणार

मंगळवार, ४ मार्च

आज वन्सं पडल्या नाहीत, मी पडले. पण मी त्यांना धरलेलं होतं, त्यामुळे त्या आपोआपच माझ्याबरोबर आल्या. लागलं कोणालाच नाही. दोघी सावकाश खाली आलो आणि बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिलो. त्यांना उठता येत नाही आणि मला उठवता येईना. पाठीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आता?" वन्सं म्हणाल्या.

"आता बसा," मी म्हणाले.

ही वही चुकून कोणा परक्याच्या हाती पडली तर कळावं म्हणून लिहिते. वन्सं म्हणजे माझी नणंद. यांच्याहून मोठी, लग्न न केलेली, जिभेला हाड नसलेली. आधी नजर अधू झाली, मग न दिसल्यामुळे पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणारी मी. हे गेल्यावर मुलाने विचारलं होतं, आता आत्याकडे कोण बघणार? मी म्हटलं, मी आहे ना. तो लांब असतो. त्याला हायसं वाटलं.

बसल्या बसल्या वन्सं म्हणाल्या, "डार्करूमसारखा वास येतोय ना ओलीचा?"

खरंच येत होता. आमचा फोटो स्टुडिओ होता. हे फोटो काढायचे, मी काउंटरवर, आणि वन्सं खिडकीशी बसून निगेटिव्हवर रिटचिंग करायच्या. इतकी बारीक टोक केलेली पेन्सिल, की धरायलाच भीती वाटावी. लोकांच्या मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं त्यांनी घालवलं. अर्धं गाव त्यांच्यामुळे देखणं होतं.

"तो कंत्राटदार आठवतो?" मी म्हटलं. "घरच्यांच्या फोटोतून मेव्हण्याला काढून टाका म्हणाला होता."

"काढला की. त्याच्या जागी कुंडी काढून दिली."

"आणि बायको स्टुडिओत येऊन रडली. माझ्या भावाची कुंडी केली म्हणून."

दोघी इतक्या हसलो की माझी पाठ आणखी दुखली. वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनने ते हसणं ऐकलं आणि बघायला आला. दार उघडंच होतं, नशीब. त्याने आधी वन्संना उचललं, मग मला हात दिला. मला हात द्यावा लागला याचंच वाईट वाटलं.

पलंगावर टेकल्यावर वन्सं म्हणाल्या, "नवे, असं किती दिवस चालणार?"

नवी म्हणजे मी. लग्न होऊन आले तेव्हा नवी होते, ते नाव चिकटलं. आता सत्तरी ओलांडली तरी नवीच.

"चालेल तितके," मी म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी वन्संना पावच हवा होता. पोटभर नाश्ता झाला होता, तरी पाव. गेले खाली. परत आले तर बाई फोनवर. मला बघून म्हणजे माझी चाहूल लागून फोन ठेवला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

राँग नंबरशी इतका वेळ कोण बोलतं? पण म्हटलं, जाऊ दे. एकटी पडली की माणसं कोणाशीही बोलतात.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेले तर दुकानदाराने पिशवीबरोबर एक पत्ता सांगितला. सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी बैठक असते. घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांची. सल्ला देतात, मदत कुठे मिळते ते सांगतात, आणि तितका वेळ घरी सोबतीला बाईही पाठवतात.

"तुमच्यासारख्यांसाठीच आहे, काकू," म्हणाला.

"माझ्यासारख्या म्हणजे? म्हाताऱ्या की कजाग?"

तो बिचारा गोळ्या मोजायला लागला.

घरी येऊन वन्संना सांगितलं, हसण्यावारी नेण्यासाठी. म्हटलं, मला कशाला हवाय सल्ला, मी काय कोणाला विष घालतेय? तर त्या म्हणतात, "जाऊन ये की." ही तीच बाई, जी मी माहेरी चार दिवस जास्त राहिले तर महिनाभर तोंड फुगवून बसायची. म्हातारपणी माणूस बदलतं ते असं.

मंगळवार, ११ मार्च

सोबतीला बाई येणार म्हणून पहाटेपासून कंबर कसली. जाळी काढली, खिडक्या पुसल्या, वन्संचं सगळं आवरलं, चादर बदलली, त्यांचं खाणं भरवून मोकळी झाले. परकं माणूस येणार. घर बघून काय म्हणेल?

बाई आली. पोरगेलीशी, हसरी. आत येऊन विचारते, "काय काय करायचंय?" मी म्हटलं, काही नाही, सगळं झालंय, तुम्ही बसा. मग चहा केला, बिस्किटं दिली. एकटीला कसं बसवायचं म्हणून समोर बसले. तिच्या सासूची चौकशी केली, स्टुडिओच्या गोष्टी सांगितल्या. दोन तास कसे गेले कळलं नाही. ती जायला उठली तेव्हा लक्षात आलं की बैठकीला जायचं राहिलंच.

ती गेल्यावर वन्सं पलंगावरून म्हणाल्या, "छान झाली तुझी विश्रांती."

संध्याकाळी ग्रंथालयातून फोन. तिथली सल्लागार बाई. आवाज चष्मा लावलेल्या माणसाचा असतो तसा. म्हणाली, "तुम्ही आला नाहीत." मी कारण सांगितलं. मग म्हणाली, असं पुष्कळजणी करतात. पुढच्या मंगळवारी ती दारात आली की तुम्ही बाहेर पडायचं. चपला आधीच घालून ठेवा.

मंगळवार, १८ मार्च

चपला घालून बसले होते. गेले एकदाची.

चष्मेवाली खरंच चष्मेवालीच निघाली. लांब टेबल, भोवती सात-आठजण, मधे चहाची किटली. माझ्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर, धिप्पाड. बायकोला पक्षाघात झालाय. तो बोलायला लागला आणि मी चाटच पडले. म्हणतो, "कधी कधी मला तिचा इतका राग येतो की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तिने केलंय काय? काहीच नाही. तरी येतो." कोणी त्याला वाईट म्हटलं नाही. एकीने नुसता चहा पुढे केला. मी मनात म्हटलं, अशी बोलायची गोष्ट आहे का ही? आणि मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

खूप काही सांगितलं त्यांनी. उचलायचं नसतंच म्हणे माणसाला, एक गुळगुळीत फळी मिळते, तिच्यावरून सरकवायचं. कमरेला बांधायचा पट्टा मिळतो. सकाळी उठवून आंघोळ घालून जाणाऱ्या बायका मिळतात. सांभाळणाऱ्यानेही स्वतःची तपासणी करून घ्यायची असते. मला तर हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या वेळी असं विचारायला जायचं कोणाकडे? घरातलं घरात.

माझी पाळी आली. चष्मेवालीने विचारलं, तुम्हाला काय अवघड जातं?

"काही नाही," मी म्हणाले.

ती हसली. "तुमच्या नणंदबाई फोनवर हेच म्हणाल्या होत्या. विचारलं तर काही नाही म्हणेल."

मी म्हटलं, कुठला फोन? तिचा चेहरा उतरला. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणाली आणि किटली भरायला उठली. किटली भरलेलीच होती.

बुधवार, १९ मार्च

विचारलं.

वन्संनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "त्या ग्रंथालयातल्या बाईकडे माझ्यासाठी जागा विचारली मी. तिकडे नदीपलीकडे जुन्या शाळेच्या इमारतीत आमच्यासारख्यांना ठेवून घेतात. आधी पंधरा दिवस राहून बघायचं. आवडलं तर कायमचं."

"आणि मी काय मेले होते विचारायला?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे मी काय कमी केलं ते तरी सांगा."

"कोण म्हणतंय कमी केलंस?"

मग माझा तोल गेला. लग्नातला फोटो भिंतीवरून खाली काढला. लहानपणी मी चुलीच्या कडेवर आपटले होते, कपाळावर व्रण होता. फोटोत नाही. वन्संनी पेन्सिलीने घालवला होता, मला न विचारता. आयुष्यभर तो फोटो डोळ्यांसमोर होता आणि आयुष्यभर मला वाटत आलं की ती माझ्यासारखी दिसणारी कोणी दुसरीच आहे. म्हटलं, "तेव्हाही विचारलं नाहीत, आताही नाही. मला काय हवंय ते तुम्हीच ठरवायचं का नेहमी?"

 वन्संनी हात पुढे केला. हवेत चाचपडत होता, म्हणून मी जवळ गेले. त्यांनी अंगठा माझ्या कपाळावर फिरवला, आडवा, निगेटिव्हवर धूळ आहे का बघायच्या तसा.

"व्रण आहे अजून," म्हणाल्या. "आणि हे बाकीचं कधी आलं? किती म्हातारी झालीस गं तू. मला दिसलंच नाही."

मी हात बाजूला केला. रागच होता मला. अजूनही आहे.

रविवार, २३ मार्च

आज पोचवून आले. मुलाला फोन केला होता, तो म्हणाला, दोघींना जे बरं वाटेल ते करा. म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

खोली चांगली आहे. पूर्वीचा वर्ग असावा, भिंतीवर फळ्याची खूण दिसते. वन्सं चाकांच्या खुर्चीत बसून अशा ताठ मानेने आत गेल्या, जसं काही तपासणीला आलेला अधिकारी. निघताना मी म्हटलं, येते. त्या म्हणाल्या, "रोज येऊ नकोस. इथल्यांना वाटेल मी भांडखोर आहे म्हणून लक्ष ठेवतेस."

"नाही आहात का?"

"आहे. पण त्यांना इतक्यात कशाला कळायला हवं?"

बसमध्ये रडू आलं. कंडक्टरने बघून न बघितल्यासारखं केलं.

मंगळवार, २५ मार्च

खरं लिहायचं तर बरं वाटतंय. दोन दिवस मेल्यासारखी झोपले. पाठ सुटली. आज उशिरा उठले, एकटीपुरता चहा केला, खिडकीत बसून प्यायले, आणि कोणीही हाक मारली नाही. सुख म्हणजे दुसरं काय असतं? मग तेवढ्यात स्वतःचीच लाज वाटली. मग लाज वाटली याचा राग आला. असा दिवस गेला. बैठकीला गेले नाही. काय तोंड घेऊन जायचं?

शुक्रवार, २८ मार्च

पाय बरे चालतायत म्हणून स्टुडिओच्या रस्त्याला गेले. इकडे फिरकून वर्षं झाली. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पण वरची मोठी खिडकी तशीच. उत्तरेची, दिवसभर एकसारखा उजेड देणारी. हे म्हणायचे, या खिडकीसाठी जागा घेतली, बाकी सगळं फुकट मिळालं.

त्या खिडकीखाली वन्सं बसायच्या. मान खाली, ओठात पेन्सिल, सॅंडपेपरवर टोक घासायचा आवाज. कोणी जवळ गेलं तर खेकसायच्या. पण भर दुपारी गिऱ्हाईक नसलं की रंगवलेल्या पडद्यापुढे मला उभी करायच्या. पडद्यावर कारंजं आणि मागे जिना, कुठेच न जाणारा. हे दिवे लावायचे आणि वन्सं माझ्या हनुवटीला बोट लावून तोंड वळवायच्या. "नवे, हसू नकोस. हसलीस की डोळे बारीक होतात. नुसती बघ." रोल कॅमेऱ्यात नसायचाच. नुसता दिव्यांचा सराव. ज्यांचे फोटो काढले ते लोक आता असतील नसतील, पण मला ती दुपारच जास्त आठवते, जिचा फोटो नाही.

दुकानातला माणूस विचारायला आला, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, नुसती बघतेय.

मंगळवार, १ एप्रिल

आज गेले बैठकीला. पाळी आली तेव्हा मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, "नणंदेला ठेवून आलेय. मला फार बरं वाटतंय. आणि त्याची लाज वाटते."

बोलून झाल्यावर टेबलाकडे बघत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "वाटू द्या की बरं. इतक्या दिवसांची झोप साठली होती. बरं वाटलं म्हणजे माया आटली असं कुठे आहे?"

चष्मेवालीने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या तिथे कायमच्या राहिल्या तरी मी बैठकीला यायचं. दुसरी, त्या परत आल्या तर सकाळची बाई, फळी आणि पट्टा ती आठवड्याच्या आत मिळवून देईल, पण मी हो म्हटलं तरच. "कोणतं बरोबर ते मी सांगणार नाही," म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवंय. घरी येताना पुटपुटून बघितलं. सवय नाही या प्रश्नाची.

शुक्रवार, ४ एप्रिल

वन्सं खुशीत आहेत. भोवती दोन-तीन म्हाताऱ्या जमवल्यात आणि स्टुडिओच्या गोष्टी सांगतायत. मी गेले तेव्हा कंत्राटदाराची चालली होती. म्हणतात, मेव्हण्याच्या जागी खांब काढला.

"कुंडी," मी म्हटलं.

"खांब."

"वन्सं, कुंडी. तिच्यात फुलंसुद्धा काढली होतीत तुम्ही."

"तू होतीस की मी होते पेन्सिल धरून?"

चांगलं जुंपलं आमचं. म्हाताऱ्या खूश. इतक्या दिवसांत मला एवढी मजा आली नव्हती.

मग दोघीच उरल्यावर त्यांनी विचारलं, पाठ कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. झोप? लागते. "मग झालं तर," म्हणाल्या. "मला इथे बरं आहे. रविवारी येशील तेव्हा कायमचं सांगून टाकू त्यांना."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनाच आवडलंय तर.

जाताना तिथली परिचारिका भेटली. म्हणाली, तुमच्या आजी रोज संध्याकाळी केस विंचरून घेतात आणि खुर्ची फाटकाकडच्या दाराशी लावायला सांगतात. वारा छान येतो म्हणतात. मला नवल वाटलं. वन्संना वारा कधीच सोसत नाही, घरी खिडकी किलकिली केली तरी शाल मागतात. तिथे गेल्यावर आवडीनिवडीही बदलल्या.

रविवार, ६ एप्रिल

संध्याकाळी गेले. वन्सं दाराशीच होत्या, शाल लपेटून. केस विंचरलेले. माझी पावलं ओळखली त्यांनी, कारण मी बोलायच्या आत म्हणाल्या, "उशीर केलास."

ऑफिसातली बाई टेबलाशी बसली होती. काय ठरलं, विचारणारच होती. वन्संनी तोंड उघडलं आणि मी आधी बोलले. कधी नव्हे ते.

"वन्सं, घरी चला."

"तुझी पाठ?"

"बरी आहे."

"झोप लागते ना?"

"गाढ लागते. तुमच्याशिवाय मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पंधरा दिवस सुखात गेले. आता मला तुम्ही घरात हव्या आहात."

"कर्तव्य म्हणून?"

"कर्तव्य असतं तर इथेच ठेवून गेले असते. इथे तुमचं नीट होतंय. मला हव्या आहात म्हणून."

ऑफिसातल्या बाईने कागद चाळायला घेतले. वन्संनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. 

"मी तुझ्याआधी जाणार हे ठरलेलं आहे, नवे," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुला कळ आली ना, तेव्हा तू जो आवाज काढलास. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. वाटलं, जाताना मी हिलाही घेऊन जाणार. म्हणून फोन केला."

 मी डोळे पुसले, नाक पुसलं. मग म्हटलं, काल ग्रंथालयातल्या बाईला फोन करून सकाळची बाई ठरवलीय. फळीही येतेय. उद्यापासून.

"मग एक अट," वन्सं म्हणाल्या. "यापुढे तू मला उचलायचं नाहीस. कधीच नाही. आंघोळ नाही, कपडे नाहीत, काही नाही."

"मग मी करायचं काय दिवसभर?"

"बसायचं," त्या म्हणाल्या. "माझ्याशेजारी. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू नुसती कामं करत फिरतेयस. दोन घटका शांत बसलीस का कधी माझ्याजवळ?"

मी आठवायला लागले. काउंटर, स्वयंपाक, मुलाचं, यांचं दुखणं, मग वन्संचं. 

दाराजवळ आणखी एक खुर्ची होती. ती ओढली आणि बसले. वन्संनी शालीचं टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं. परिचारिका चहा घेऊन आली, ठेवून गेली. आमचा चहा गार झाला तरी मी उठले नाही.